जुन्या गेम बॉयच्या स्क्रीनमागे दिवा बसवताना

हातात धरून खेळायच्या मूळ करड्या रंगाच्या गेम बॉय या व्हिडिओ गेम यंत्राला बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा दिवा, बसवावा का, त्यासाठी स्क्रीन सुटी करावी लागते का, सोल्डरिंग किती करावे लागते, बसवल्यानंतर चित्र फिकट का दिसते, आणि घरात असलेल्या कलर मॉडेललाही हाच उपाय चालेल का, असे आपले प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की आधी या स्क्रीनची रचना समजून घेतलेली बरी. ती समजली की कोणत्या टप्प्यावर घाई करायची नाही हे वेगळे सांगावे लागत नाही.

निन्टेन्डोने हे यंत्र 1989 साली जपानमध्ये विक्रीस आणले. त्याच वर्षी आलेल्या अटारी लिंक्समध्ये आणि पुढच्या वर्षी आलेल्या सेगा गेम गिअरमध्ये रंगीत आणि प्रकाशित पडदा होता, पण सहा एए सेल टाकूनही ती यंत्रे जेमतेम तीन ते पाच तास चालत. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांच्या चमूने दिवा आणि रंग हे दोन्ही सोडून दिले, आणि त्यामुळे चार सेलवर दहा तासांहून बराच अधिक वेळ खेळता येऊ लागले. म्हणजे दिव्याचा अभाव हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता, आणि संपूर्ण स्क्रीन त्या निर्णयाला धरून घडवलेली आहे. आपण आज तिच्यामागे दिवा लावतो तेव्हा एका वेगळ्या कामासाठी बनवलेल्या काचेकडून नवे काम करून घेत असतो.

ही स्क्रीन 160 गुणिले 144 बिंदूंची असून ती चार छटा दाखवते. सर्वांत पुढे एक पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणारी फिल्म, असतो, त्यामागे दोन काचांमध्ये द्रवस्फटिकाचा अतिशय पातळ थर असतो, त्यामागे दुसरा पोलरायझर आणि सर्वांत शेवटी चंदेरी परावर्तक असतो. खोलीतला प्रकाश पुढून आत शिरतो, द्रवस्फटिकातून जातो, परावर्तकावर आदळतो आणि त्याच वाटेने परत आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की प्रकाश प्रत्येक बिंदूतून दोनदा जातो. समजा एखादा काळा बिंदू एका फेरीत पांढऱ्या बिंदूच्या तुलनेत एक पंचमांश प्रकाश सोडत असेल, तर दोन फेऱ्यांनंतर तो पंचविसावा भागच उरेल, आणि काळा रंग खरोखर काळा दिसेल. परावर्तक काढून मागे दिवा लावला की प्रकाश एकदाच जातो, आणि तोच बिंदू पंचमांश प्रकाश सोडत राहतो. बॅकलाइट बसवलेल्या गेम बॉयचे चित्र धुतल्यासारखे दिसण्याचे मुख्य कारण हे आहे. दिवा अधिक प्रखर केला तर काळे आणि पांढरे दोन्ही सारख्याच प्रमाणात उजळतात, त्यामुळे प्रखर दिवा हा त्यावरचा उपाय ठरत नाही. उपाय आहे, तो पुढे सविस्तर सांगतो.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधी यंत्र सुस्थितीत आहे ना, हे पाहावे. गेम न घालता यंत्र चालू केले तरी पडद्यावर वरून एक काळी पट्टी खाली येते, आणि एवढ्यानेही स्क्रीनची तपासणी होते, मात्र शक्य तर एखादा गेम घालून काँट्रास्टचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. उभ्या रेषा गायब असतील तर काचेच्या खालच्या कडेला असलेल्या रिबनची, म्हणजे काचेला बोर्डाशी जोडणाऱ्या तारांच्या चपट्या पट्टीची, पकड सैल झालेली असते. ती उष्णतेने चिकटवलेली असते, त्यामुळे कमी तापमानाचे सोल्डरिंग आयर्न रिबनवरच्या रबरी पट्टीवरून हलक्या हाताने फिरवले की बहुधा रेषा परत येतात. आडव्या रेषा गेल्या असतील तर दुरुस्ती बरीच कठीण असते, आणि अशा यंत्रावर बॅकलाइटचा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या रेषांची दुरुस्ती मात्र दिवा बसवण्याआधीच उरकावी, कारण नंतर त्या जागी आयर्न नेताना मागचे प्लास्टिकचे पॅनेल वितळण्याची भीती असते. पडद्याच्या मधोमध गडद डाग असेल, जसा बराच काळ उन्हात किंवा उष्ण जागी पडून राहिलेल्या यंत्रांत दिसतो, तर तो पुढच्या पोलरायझरमध्ये आहे की मागच्या, हे पाहावे लागते. मागचा तर आपण बदलणारच आहोत, पण डाग पुढच्यात असेल तर तो दिव्याच्या उजेडात अधिकच उठून दिसेल.

मागच्या कवचाचे स्क्रू बहुतेक यंत्रांत तीन पाकळ्यांचे असतात आणि त्यांतले दोन सेलच्या कप्प्यात असतात. त्यासाठी योग्य स्क्रूड्रायव्हरच घ्यावा, कारण चपट्या टोकाने जोर लावला की स्क्रूची खाच जाते आणि मग ते ड्रिलने काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कवच उघडताना दोन्ही भाग एकदम ओढू नयेत. मागचा आणि पुढचा सर्किट बोर्ड एका रुंद रिबन केबलने जोडलेले असतात आणि ती केबल एका बाजूच्या सॉकेटमधून सरळ ओढल्यावर सुटते. नंतर पुढच्या बोर्डाचे साधे फिलिप्स स्क्रू काढले की बोर्ड स्क्रीनसह बाहेर येतो. इथपर्यंतचे काम कोणालाही जमण्यासारखे आहे.

आता स्क्रीन सुटी करावी लागते का, या आपल्या प्रश्नाकडे येतो. ती सुटी करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. काच खालच्या आणि एका उभ्या कडेने रिबनांनी बोर्डाला कायमची जोडलेली असते. त्या रिबनांत शेकडो बारीक वाहक रेषा असतात आणि त्या घरच्या साधनांनी पुन्हा जोडता येत नाहीत. म्हणून रिबन नसलेल्या कोपऱ्याकडून काच थोडीशी, फार तर मागे बोटाचे टोक जाईल इतकीच उचलायची आणि तेवढ्या फटीतून पुढचे सगळे काम करायचे असते. काच त्याहून अधिक उघडण्याचा मोह होतो, कारण तसे केले की हात सहज आत जातो, पण रिबनला पडलेली घडी परत सरळ होत नाही.

चंदेरी परावर्तक आणि मागचा पोलरायझर एकत्र चिकटवलेले असतात आणि दोन्ही काढावे लागतात. काही वेळा वरचा चंदेरी थर एकटाच निघून येतो आणि पोलरायझर काचेवर राहतो. तो निघेपर्यंत काम पूर्ण झालेले नसते, कारण तो जुना, उन्हाने व वयाने पिवळटलेला थर आणि आपण घालणार असलेला नवा पोलरायझर एकमेकांच्या आड येतात. सुरुवात मोकळ्या कोपऱ्यापासून करावी. नवे, पातळ ब्लेड काचेला अगदी समांतर ठेवून फिल्मच्या कडेखाली सरकवावे आणि चिमट्यात धरता येईल इतकाच कोपरा उचलावा. त्यानंतर ब्लेड बाजूला ठेवून द्यावे, पुढचे काम बोटांनीच करायचे असते. फिल्म वर न ओढता काचेलगत, स्वतःवरच दुमडून, अगदी मंद गतीने मागे न्यावी, म्हणजे ओढीचा जोर काचेला वाकवण्याऐवजी गोंदाच्या रेषेवर पडतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने काचेला पुढून आधार द्यावा. गोंद जुना आणि कडक झालेला असतो, त्यामुळे फिल्म मध्येच थांबते. अशा वेळी जोर वाढवण्याऐवजी क्षणभर थांबून त्याच गतीने पुन्हा ओढत राहावे. हेअर ड्रायरने गरम करण्याचा सल्ला अनेक जण देतात, तो मी देत नाही, कारण रिबनांची पकड उष्णतेनेच केलेली असते आणि उष्णतेनेच ती सुटते. या एका टप्प्यासाठी सबंध दुपार राखून ठेवावी. तुटलेल्या काचा आणि फाटलेल्या रिबना मी पाहिल्या आहेत त्या बहुतेक याच टप्प्यावरच्या, आणि ज्यांनी इथे वेळ दिला त्यांचे पुढचे काम क्वचितच बिघडलेले पाहिले आहे.

फिल्म निघाल्यावर काचेवर चिकट गोंदाचा थर राहतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत ते इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून सहज मिळते. शक्य तितके शुद्ध घ्यावे, पाण्याचे प्रमाण जास्त असलेले अल्कोहोल काचेवर डाग सोडते. ते काचेवर ओतायचे नाही, कापसाच्या काडीला लावून थोड्या थोड्या भागावर फिरवायचे आणि गोंद मऊ पडल्यावर मोकळ्या कडेच्या दिशेने पुसून घ्यायचा. द्रव रिबनच्या बाजूला वाहत गेला तर तिथला चिकट थरही सुटू लागतो, म्हणून बोर्ड किंचित तिरका, रिबनची कड वर राहील असा ठेवावा. शेवटी चष्मा पुसण्याच्या स्वच्छ कापडाने काच कोरडी करावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात किंवा मुंबईत, हे काम दमट हवेत करू नये, कारण थरांमध्ये अडकलेला ओलावा नंतर धुरकट ठिपक्यांच्या रूपाने दिसतो. निदान कवच बंद करण्याआधी यंत्र काही तास कोरड्या जागी ठेवावे.

नव्या पोलरायझरच्या दोन्ही पृष्ठांवर पारदर्शक संरक्षक कागद असतात. ते काढायचे राहून गेल्यामुळे चित्र धूसर आल्याच्या तक्रारी मी वारंवार ऐकतो. पोलरायझर कापण्याआधी बॅकलाइटचे पॅनेल तात्पुरते पेटवून काचेमागे धरावे, मधे पोलरायझर ठेवावा, यंत्र चालू करावे आणि पोलरायझर हळूहळू फिरवत पाहावे. एका कोनात चित्र नेहमीसारखे, म्हणजे फिकट पार्श्वभूमीवर गडद दिसेल, त्यापासून 90 अंशांवर ते उलटे, म्हणजे गडद पार्श्वभूमीवर उजळ दिसेल, आणि मधल्या कोनांत सगळेच पुसट दिसेल. योग्य कोन सापडला की फिल्मच्या वरच्या बाजूला पेनने खूण करावी. ही खूण अत्यावश्यक आहे, कारण पोलरायझरचा अक्ष कडेशी 45 अंशांत असेल तर फिल्म चुकून पालथी घालणे म्हणजे ती 90 अंशांनी फिरवण्यासारखेच होते आणि चित्र उलटे होऊन बसते.

आता फिकटपणावरचा उपाय सांगतो. वर म्हटलेली उलट्या चित्राची स्थिती मुद्दाम निवडावी आणि चित्राचा डेटाही उलटा करावा, म्हणजे दोन उलट मिळून चित्र पुन्हा सरळ होते, पण काळे भाग पहिल्यापेक्षा ठळक दिसतात. याचे एक कारण बिंदूंमधल्या फटींत आहे. त्या फटींवर विद्युतदाब नसतो, त्यामुळे नेहमीच्या मांडणीत त्या कायम उजळ राहतात आणि काळ्या भागातूनही प्रकाश गळत राहतो. पोलरायझर फिरवल्यावर त्याच फटी गडद होतात आणि ही गळती थांबते. डेटा उलटा करण्यासाठी 74एचसी04 ही साधी, स्वस्त चिप पुरते. प्रोसेसरकडून स्क्रीनकडे छटांची माहिती दोन तारांवरून जाते. त्या दोन्ही तारा तोडून प्रत्येकीच्या मधे चिपमधला एक इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल उलटा करणारा भाग, घालायचा असतो. चिपच्या 14 क्रमांकाच्या पायाला 5 व्होल्ट आणि 7 क्रमांकाच्या पायाला ग्राउंड द्यावे. पहिला इन्व्हर्टर 1 आणि 2 क्रमांकाच्या पायांवर, दुसरा 3 आणि 4 क्रमांकाच्या पायांवर असतो. उरलेल्या चार इन्व्हर्टरचे इनपुट, म्हणजे 5, 9, 11 आणि 13 हे पाय, मोकळे न सोडता ग्राउंडला जोडावेत. मोकळे इनपुट तरंगत राहतात, चिप विनाकारण वीज खाते आणि कधी कधी त्यातूनच पडद्यावर खरखर उमटते. दोन्ही प्रकारची चित्रे हवी असतील तर 74एचसी86 ही दुसरी चिप वापरून एका बटणाने अदलाबदल करता येते, पण पोलरायझर एकाच स्थितीत बसवलेला असल्यामुळे त्यातली एक स्थिती कायम उलटी दिसणार, हे ध्यानात ठेवावे. आपल्या कामासाठी 04 पुरेशी आहे.

सोल्डरिंग म्हणाल तर निव्वळ दिव्यासाठी दोनच तारा जोडायच्या असतात, पण त्या कुठे जोडायच्या याबद्दल काळजी घ्यावी लागते. गेम बॉयच्या आत वीजपुरवठ्याचा एक छोटा बोर्ड असतो आणि तो सेलच्या विजेपासून दोन वेगळे दाब तयार करतो. एक 5 व्होल्टचा, ज्यावर प्रोसेसर चालतो, आणि दुसरा उणे 19 व्होल्टच्या आसपासचा, जो स्क्रीनच्या काँट्रास्टसाठी लागतो. चुकून दिव्याची एक तार या दुसऱ्या दाबाला लागली तर एलईडी त्याच क्षणी जळतात. पुढच्या बोर्डावर स्क्रीनच्या शेजारी असलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर सामान्यतः 5 व्होल्ट मिळतात, तरी दोन्ही बोर्डांमधली रिबन केबल जोडून, यंत्र चालू करून, मल्टिमीटरने ते मोजल्याशिवाय एकही तार जोडू नये. पांढऱ्या एलईडीला सुमारे 3.1 व्होल्ट लागतात, म्हणून 5 व्होल्टवर दोन एलईडी एकामागे एक जोडले तर ते पेटणार नाहीत. ते समांतर जोडावेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्यावा. उरलेल्या 1.9 व्होल्टला 10 मिलिअँपिअरने भागले की 190 ओहम येतात, त्यामुळे 180 किंवा 220 ओहमचा रेझिस्टर घ्यावा. बहुतेक तयार पॅनेलांत रेझिस्टर आधीच असतो, तो आहे याची खात्री करून घ्यावी. दोन एलईडींना 20 मिलिअँपिअर पुरतात आणि अंधाऱ्या खोलीत तेवढा उजेड डोळ्यांना सुखद वाटतो. अधिक प्रवाह देणारे बरेच जण आहेत, पण त्याने सेल लवकर संपतात आणि, आधी सांगितल्याप्रमाणे, काँट्रास्टला काहीही लाभ होत नाही.

पॅनेल आत सरकवताना त्याची जाडी पाहावी. ते एक मिलिमीटरपेक्षा फारसे जाड असेल तर काच पुढच्या कवचावर दाबली जाते आणि एखाद्या धक्क्यानेही तडकू शकते. पॅनेलच्या मागच्या बाजूला कॅप्टॉन टेप (वीजरोधक चिकटपट्टी) लावून ते बोर्डापासून विलग ठेवावे. आधी पॅनेल आणि त्यावर खूण केलेला पोलरायझर अशा क्रमाने दोन्ही मोकळ्या बाजूने आत न्यावेत. पोलरायझर आणि काच यांची गुळगुळीत पृष्ठे एकमेकांना चिकटली की पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलये दिसतात. ती दिसली तर कडेला अतिशय पातळ पट्टी लावून दोन्हींमध्ये किंचित अंतर ठेवावे किंवा मॅट पृष्ठाचा पोलरायझर घ्यावा. धुळीचा एक कणही मागच्या उजेडात ताऱ्यासारखा चमकतो, म्हणून शेवटची मांडणी पंखा बंद करून करावी. तारा स्क्रूच्या खांबांपासून दूर न्याव्यात आणि कवच पूर्ण बंद करण्याआधी यंत्र निदान पंधरा-वीस मिनिटे चालवून पाहावे. कवच बंद केल्यावर काँट्रास्टचे चाक पूर्वीच्या जागी राहणार नाही, ते नव्याने जुळवावे लागेल.

हे सगळे करण्याऐवजी मूळ काच काढून आयपीएस या आधुनिक प्रकारच्या रंगीत स्क्रीनचा तयार संच बसवावा, असेही आपल्याला अनेक जण सुचवतील. तो अधिक उजळ असतो, कामही सोपे असते, आणि ज्यांची मूळ काच तडकली आहे किंवा आडव्या रेषा गेल्या आहेत त्यांना मीदेखील तोच सुचवतो. पण आपली काच शाबूत असेल तर ती टिकवावी, असे मला मनापासून वाटते. जुन्या खेळांमध्ये एखादी वस्तू अर्धपारदर्शक दाखवण्यासाठी ती चित्राची एक चौकट (फ्रेम) सोडून एक अशी काढली जात असे आणि या संथ काचेवर त्या चौकटी एकमेकींत मिसळून सावली किंवा धूर दिसत असे. जलद आयपीएस स्क्रीनवर तीच वस्तू लुकलुकताना दिसते, कारण त्या खेळांचे चित्रकार या काचेच्या संथपणाला धरून रेखाटत होते. बॅकलाइट बसवल्याने तो संथपणा जात नाही, आणि माझ्या दृष्टीने मूळ काच राखण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे. पळत्या पात्रांमागे राहणारी पुसट छाया मात्र त्याबरोबर स्वीकारावी लागते.

राहिला कलर मॉडेलचा प्रश्न. 1996 सालच्या गेम बॉय पॉकेटला वर सांगितलेली पद्धत लागू पडते, फक्त काम अधिक नाजूक असते. 1998 सालच्या गेम बॉय कलरला आणि 2001 सालच्या पहिल्या गेम बॉय अॅडव्हान्सला ती लागू पडत नाही. त्यांची टीएफटी (एका प्रकारची रंगीत एलसीडी) स्क्रीनही बाहेरचा प्रकाश परावर्तित करणारी आहे, पण परावर्तक काचेच्या मागे चिकटवलेला नसून काचेच्या आतच घडवलेला आहे, त्यामुळे तो सोलून काढता येत नाही आणि मागे कितीही प्रखर दिवा लावला तरी उजेड पुढे येत नाही. त्या यंत्रांसाठी दोनच मार्ग उरतात, काचेच्या पुढच्या बाजूने प्रकाश टाकणारा फ्रंटलाइट किंवा पूर्ण नवी स्क्रीन. आपल्याकडच्या कलर मॉडेलसाठी मी नवी स्क्रीनच सुचवेन, कारण फ्रंटलाइटचा थर पुढे बसवला की रंग फिके पडतात आणि त्या थरावरच्या प्रत्येक ओरखड्यावर प्रकाश चमकत राहतो.